शेवटचं अर्धं मिनिट

"मॅडम, मगदूम सरांना सांगा, की चूक सावरायला पोरांना वेळ लागतो," हर्डीकर सर म्हणाले.

मगदूम सर टेबलाच्या पलीकडेच बसले होते. हर्डीकर सरांनी हात लांब केला असता तर तो त्यांच्या चष्म्याला लागला असता. त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं. तरीही त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निरोप पोचायची वाट बघत बसले. मी मान वळवली आणि म्हटलं, "सर, हर्डीकर सर म्हणतायत, चूक सावरायला मुलांना वेळ लागतो."

"त्यांना म्हणावं, म्हणून तर आपण चार महिने आधी नियम पाठवतोय," मगदूम सर म्हणाले.

मी पुन्हा मान वळवली. मिरजेच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला म्हणून मला घेतलं होतं, पण माझं निम्मं काम असं मान वळवण्याचं होतं. मी रुजू झाले तेव्हाच त्या दोघांचा अबोला सुरू झालेला होता. हर्डीकर सर यंत्र विभागाचे प्रमुख, उंच, करड्या मिशांचे, खिशात कायम स्टीलची छोटी पट्टी बाळगणारे. मगदूम सर आमच्या इलेक्ट्रॉनिक्सचे प्रमुख, बसके, गोड बोलणारे, आणि गोड बोलतच समोरच्याची चूक काढणारे. एकेकाळी हे दोघे एकाच स्कूटरवरून कॉलेजला येत, एकाच डब्यातलं जेवत, असं शिपाई सांगायचे. मग काय बिनसलं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे, स्कूटरच्या आरशावरून झालं. कुणी म्हणे, हर्डीकरांच्या पुतणीच्या लग्नात मगदुमांच्या पानात जिलबी वाढायची राहिली. वाचनालयातल्या बाई तर छातीठोकपणे सांगायच्या, की दोघांनाही अबोल्याचं कारण आठवत नाही आणि विचारायची चोरी झाली आहे.

मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. निरोप देता देता मी त्यांना गाळणी लावायला शिकले होते. "त्या शहाण्याला सांगा" असं आलं की मी "सरांना वाटतं" असं पोचवायचे. "हा मूर्खपणा आहे" याचं "यावर थोडा विचार व्हावा" असं करायचे. पण समोरासमोर बसून निरोप चालले की गाळणीचा काही उपयोग नसे. मूळ चहा दोघांनीही आधीच प्यायलेला असे.

त्या वर्षीचा वाद आमच्या रोबो-स्पर्धेवरून होता. सांगली-मिरज भागातल्या शाळांच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही ती दर वर्षी भरवत असू. प्लायवूडचं एक मोठं मैदान, त्यात पसरलेले टेनिसचे चेंडू, दोन टोकांना दोन बादल्या, एक पांढरी आणि एक काळी. प्रत्येक संघाचा प्रेशर कुकरएवढा एक रोबो. त्यानं चेंडू उचलून आपल्या बादलीत टाकायचे. सामना अडीच मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं मुलं रिमोटनं रोबो चालवत आणि अर्धं मिनिट रिमोट स्टुलावर ठेवून बाजूला उभी राहत. त्या अर्ध्या मिनिटात रोबोनं मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर, आपल्या आपण, जे काय करायचं ते करायचं. मुलं त्याला 'आपोआप' म्हणत.

हे आपोआप आजवर सामन्याच्या सुरुवातीला असायचं. मगदूम सरांनी त्या वर्षी टूम काढली, की ते शेवटी ठेवू.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सुरुवातीला रोबो कुठे उभा आहे, चेंडू कुठे आहेत, सगळं ठरलेलं असतं. मग शाळेतले सर टेप घेऊन मोजतात, इतकं पुढे, इतकं डावीकडे, चेंडू उचल, वळ, टाक, असं लिहून देतात आणि रोबो ते घडाघडा म्हणून दाखवतो. हे पाठांतर झालं. शेवटी मात्र रोबो कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या तोंडानं उभा असेल याचा नेम नाही. तिथून त्याला स्वतःच बघावं लागेल, ओळखावं लागेल. पोरांनी त्याला खरोखर काही शिकवलंय की नाही ते तेव्हा कळेल.

हर्डीकर सरांचं म्हणणं एकच होतं आणि ते दर वेळी त्याच शब्दांत मांडत. रोबो सुरुवातीला गडबडला तर पोराच्या हातात पुढची दोन मिनिटं असतात. शेवटी गडबडला तर काहीच नसतं. ते पोर तोंड पाडून घरी जातं आणि परत कधी येत नाही.

तीन बैठका झाल्या. शेवटी प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितलं, की शनिवारी दुपारपर्यंत नियम शाळांना गेले पाहिजेत. नाहीतर स्पर्धा पलीकडचं कॉलेज भरवायला तयार आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे सभागृहही मोठं आहे. मग त्यांनी दोन्ही सरांकडे आळीपाळीनं पाहिलं, उसासा टाकला आणि म्हणाले, "कोष्टी मॅडमनी ठरवावं. त्यांचं मत अखेरचं."

ते हे सहज म्हणाले. माझी नेमणूक मात्र तात्पुरती होती. दर जूनला ती पुढे न्यायची की नाही हे एका बैठकीत ठरे, आणि त्या बैठकीत हे दोघेही बसत. मी एकाच्या बाजूनं मत दिलं असतं तर दुसरा जूनपर्यंत ते विसरला असता, असं मानायला मी काही कालची नव्हते.

त्यात मगदूम सरांचं माझ्यावर ऋण होतं, किंवा मी तसं धरून चालले होते. मी त्यांच्या विभागातली. निवड झाली तेव्हा इचलकरंजीहून पेढे घेऊन पहिल्यांदा त्यांच्याच खोलीत गेले होते. माझी आई अजून विचारायची, तुझे ते देवमाणूस सर कसे आहेत. हर्डीकर सरांशी माझा संबंध निरोपापुरताच. ते माझ्याशी चार शब्द बोलत आणि त्यातले तीन मगदूम सरांसाठी असत.

म्हणून मी भित्र्या माणसाचा शहाणपणा केला. सांगितलं, की मी मत द्यायच्या आधी चाचणी घेते. दोन शाळांचे संघ बोलावते. एक सामना आपोआप आधी ठेवून, एक शेवटी ठेवून. दोघांनी आपल्या डोळ्यांनी बघावं. मला वाटलं होतं, बघून झालं की दोघांपैकी कुणीतरी मऊ पडेल आणि माझ्यावरचं टळेल.

शुक्रवारी दुपारी यंत्रशाळेतली लेथ मशिनं बंद करून मधल्या जागेत मैदान मांडलं. मुलींच्या शाळेचा संघ आला, मुलांच्या शाळेचा आला. आठवडाभर आधी मी दोघांनाही कळवलं होतं, की शेवटच्या आपोआपसाठीही काहीतरी लिहून आणा. मुलांच्या रोबोचं नाव होतं 'वाघ' आणि त्याच्या पाठीवर पट्टे रंगवले होते. मुलींच्या रोबोचं नाव 'बाळ्या'. त्या संघाची प्रमुख रुबिना मुजावर, नववीतली, दोन घट्ट वेण्या, आणि कुणी काही विचारलं तर आधी आपल्या रोबोकडे बघून मग उत्तर देणारी. बाळ्या दिसायला अगदीच गबाळा होता. चष्म्याच्या डबीचं तोंड, गंजक्या बिजागरीचा हात. वाघाच्या मुलांनी त्याला बघून एकमेकांना कोपरं मारली.

हर्डीकर सर मैदानाच्या एका बाजूला खुर्ची टाकून बसले, मगदूम सर बरोबर समोर. मी मध्ये शिट्टी घेऊन.

पहिला सामना जुन्या पद्धतीचा झाला. शिट्टी वाजताच वाघ सुरेख चालला. जाऊन चेंडू उचलला, वळला, काळ्या बादलीत टाकला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाळ्या निघाला खरा, पण प्लायवूडच्या जोडावर त्याचं एक चाक घसरलं, तोंड जरासं फिरलं, आणि मग तो बापडा पाठ केल्याप्रमाणे पुढे जात थेट भिंतीला भिडला. तिथेच ढुश्या देत राहिला. वाघाची मुलं हसली. रुबिनानं ओठ घट्ट मिटले होते. अर्धं मिनिट संपल्याची शिट्टी झाल्याबरोबर तिनं रिमोट उचलला, बाळ्याला मागे घेतलं, वळवलं, आणि पुढच्या दोन मिनिटांत तिनं असा काही खेळ केला, की मुलांचं हसू पार आटलं. दोन चेंडूंनी ती जिंकली.

हर्डीकर सरांनी मिशीवरून हात फिरवला. निरोप पाठवला नाही. गरजच नव्हती, त्यांचा चेहराच बोलत होता.

दुसऱ्या सामन्यात आपोआप शेवटी. आधी दोन मिनिटं मुलांनी रोबो चालवले आणि दोन्ही संघ बरोबरीत आले. मी शिट्टी वाजवली. रिमोट स्टुलावर गेले.

यंत्रशाळेत अशी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. पहिल्या सामन्यात आपोआपच्या वेळी मुलं आपापसात बोलत होती, कारण रोबो काय करणार ते त्यांना पाठ होतं. आता कुणालाच ठाऊक नव्हतं. वाघानं तेच जुनं पाठांतर सुरू केलं, पण तो उभा होता दुसऱ्याच कोपऱ्यात. त्यानं मोठ्या ऐटीत जाऊन रिकामी जागा उचलली, वळला आणि ती हवेत टाकली. बाळ्या मात्र जागेवरच थांबला. मग हळूच डावीकडे वळला, उजवीकडे वळला. चेंडूसमोर येऊन थबकला. पुढे गेला आणि उचलला.

मगदूम सर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

मग बाळ्यानं बादली शोधायला सुरुवात केली. मुलींची बादली पांढरी. प्रोग्राम असा होता, की जिकडे जास्त उजळ दिसेल ती पांढरी. तो वळत वळत गेला, थांबला, पुन्हा निघाला, आणि चेंडू अलगद काळ्या बादलीत ठेवून मोकळा झाला. म्हणजे वाघाच्या बादलीत. शिट्टी झाली. एका चेंडूनं मुली हरल्या.

रुबिना उभीच होती. रिमोट समोर स्टुलावर होता आणि तिचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

हर्डीकर सर तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, मैदानाच्या पलीकडे बघितलं आणि म्हणाले, "बघितलंस?"

मी निरोप द्यायला तोंड उघडलं. मग माझ्या लक्षात आलं, की ते मला 'तू' म्हणत नाहीत.

"मॅडम, त्यांना..." मगदूम सरांनी सवयीनं सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "बघितलं," ते म्हणाले.

"आता तिनं काय करायचं? सांग की. रिमोट खाली, वेळ संपली. काय करायचं तिनं?"

"शिकायचं. हरलं की माणूस शिकतंय. दुसरं काय असतंय?"

"तुझं हे कायमचं आहे. एक चूक दिसली, की तू निकाल लावून मोकळा. त्या दिवशीही तेच केलंस. मॅडमनी फळ्यावर एक डायोड उलटा काढला आणि तू पेनाला टोपण लावलंस."

"काढला होताच उलटा."

"मग पुढच्या पाच मिनिटांत त्यांचा त्यांनी शोधून सुलटा केला. तुला कुठून दिसणार? तू खिडकीतून बाहेर बघत बसला होतास. मी ओरडलो म्हणून त्यांना पुढे बोलू दिलं तुम्ही."

एवढं झाल्यावर दोघांनाही कळलं, की मी तिथे आहे. दोघेही माझ्याकडे बघायला लागले. शाळेची मुलंही बघायला लागली, त्यांना काय समजलं होतं देव जाणे.

मला सगळं एकदम समजलं, असं नाही. थोडं थोडं समजत गेलं. माझ्या मुलाखतीच्या दिवशी मला दहा मिनिटं शिकवून दाखवायला सांगितलं होतं. मी इतकी घाबरले होते, की फळ्यावरच्या आकृतीत, विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड उलटा काढला. मागे कुणीतरी घसा खाकरला, कागद सरकवले, कुणीतरी म्हणालं, पुरे. मग दुसरा आवाज आला, थांबा, पूर्ण करू द्या त्यांना. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. वळून बघायचा धीर झाला नाही. मी ती आकृती पुन्हा बोटानं गिरवत गेले आणि चूक सापडली. तो 'थांबा' म्हणणारा आवाज माझ्या विषयाच्या प्रमुखांचाच असणार, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. पेढे त्याच हिशेबानं दिले होते. मगदूम सरांनी त्यातले दोन खाल्ले होते आणि चांगले आहेत म्हणाले होते. हर्डीकर सरांना मी उरलेला एक शिपायाबरोबर पाठवला होता.

म्हणजे ना आरसा, ना जिलबी. ते दोघे इतकी वर्षं माझ्यावरून बोलत नव्हते, आणि एकमेकांचे निरोप माझ्याचकडून पाठवत होते.

तेवढ्यात रुबिना माझ्याजवळ आली. बाळ्याला तिनं मांजराच्या पिल्लासारखं काखेत धरलं होतं.

"मॅडम, ऊन पडलंय," ती म्हणाली.

मी बघितलं. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा बरोबर काळ्या बादलीवर आला होता आणि तिचं गुळगुळीत प्लास्टिक लखलखत होतं. बाळ्याला ती पांढरीहून पांढरी दिसली होती.

"त्याचं चुकलं नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं केलं," रुबिना म्हणाली. "परत एकदा घेऊ या की मॅडम. शेवटीच घेऊ या."

"शेवटीच?" हर्डीकर सरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "अगं, सुरुवातीला ठेवलं तर तू जिंकतेस."

रुबिनानं आधी बाळ्याकडे बघितलं. "सुरुवातीचं मला पाठ आहे, सर. त्यात तो काय करणार ते मला माहीत असतंय. शेवटी तो आपलं आपण बघतोय."

मी तिला पंधरा मिनिटं दिली. ती म्हणाली, सेन्सरला बाजूचा उजेड लागू नये म्हणून पुढे नळीचा एखादा तुकडा मिळाला तर बरं. हर्डीकर सर लगेच उठले आणि भंगाराच्या पेटीतून नळी काढून करवतीवर तुकडा कापून आले. मगदूम सरांनी तो हातात घेऊन बघितला आणि आखूड आहे म्हणाले. हर्डीकर सरांनी खिशातली पट्टी काढली. मग ते दोघे गुडघ्यांवर बसून, बाळ्यावर वाकून, नळी किती लांब हवी यावर भांडायला लागले. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. मला एकही निरोप आला नाही. शेवटी रुबिनानंच तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "सर, मी लावते." ते दोघे आज्ञाधारक मुलांसारखे मागे सरले.

तिसऱ्या सामन्यात वाघाची मुलंही हसणं विसरून मैदानाच्या कडेला येऊन बसली. रिमोट खाली ठेवले. बाळ्यानं चेंडू शोधला, उचलला. वळला. उन्हाचा पट्टा अजून तिथेच होता, उलट आणखी वर चढला होता. बाळ्या काळ्या बादलीसमोर आला आणि थांबला. बराच वेळ थांबला, किंवा मला तरी तसं वाटलं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि पांढऱ्या बादलीकडे निघाला. निम्म्या वाटेत होता तेव्हा वेळ संपली.

गुण काही मिळाला नाही. तरी रुबिना जागच्या जागी उड्या मारत होती. "ओळखलं त्यानं," ती आपल्या मैत्रिणींना सांगत होती. "बघितलं ना, ओळखलं." वाघाच्या प्रमुखानं तिला विचारलं, की ती नळी कुठली होती. मग ती दोन्ही पोरं आमच्याकडे पाठ करून मैदानात मांडी ठोकून बसली आणि बोलायला लागली.

मी तेव्हाच मत सांगितलं. शनिवारची वाट बघितली असती तर माझं धाडस रात्रीतून जिरून गेलं असतं, हे मला माहीत होतं. म्हटलं, आपोआप शेवटी ठेवायचं. मगदूम सरांनी मान हलवली. मी हर्डीकर सरांकडे बघितलं नाही आणि पुढचं बोलले. एका सामन्यावरून कुणालाही घरी पाठवायचं नाही. प्रत्येक संघाला दोन सामने, मध्ये दुरुस्तीला अर्धा तास, आणि त्या वेळेत यंत्रशाळा सगळ्या मुलांना उघडी. दोन्हीतला जो चांगला होईल तो धरायचा.

मगदूम सर म्हणाले, म्हणजे स्पर्धा दोन दिवस चालेल. मी म्हटलं, चालू दे. हर्डीकर सरांनी आपली पट्टी खिशात ठेवली.

"सर, मी तुमच्या विरुद्ध मत दिलं," मी म्हटलं.

"दिलंत," ते म्हणाले. "पण मला हवं होतं ते घेऊन दिलंत." आणि ते लेथ मशिनं पुन्हा सुरू करायला सांगायला गेले. त्यांच्याकडून मी जे ऐकलं होतं त्याबद्दल मला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण मशिनांच्या आवाजात ते राहूनच गेलं. ते तिथं जरा जास्तच वेळ थांबले, असं मला अजून वाटतं. त्यांना आभारांची धास्ती होती.

संध्याकाळी मी प्रयोगशाळा आवरत होते. मगदूम सर दारात आले. एरवी ते आले की विभागातल्या कुणाचं काय चुकलं ते गोड आवाजात सांगून जायचे. त्या दिवशी ते आत टेबलाशी आले.

"मॅडम, ते डायोडचं," ते म्हणाले.

"उलटाच होता, सर."

"होता. पण पुढचं मी बघायला पाहिजे होतं. ते मी बघितलं नाही." त्यांनी टेबलावरची एक वायर उचलली. "पेढे मात्र खाल्ले."

मला हसू आवरलं नाही. तेही हसले, पण ओशाळं. मग मला कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारून टाकलं, "मग आता काय मत आहे, सर?"

त्यांनी खरोखर विचार केला. जूनच्या बैठकीतसुद्धा ते इतका विचार करत नसावेत. "शिकवता चांगलं," ते म्हणाले. "अक्षर मात्र फार बारीक. मागच्या बाकावर बसलं की फळ्यावरचं काही म्हणता काही लागत नाही."

"तुम्ही कधी बसलात मागच्या बाकावर?"

"तुमच्या पहिल्या वर्षी. चार-पाचदा येऊन बसलो असेन." ते माझ्याकडे न बघता टेबलावरच्या वायरी सरळ करत होते. "तुम्ही लिहायला लागला की फळ्याकडे तोंड करता. मागून कोण येतंय, कोण जातंय, तुम्हाला काय कळणार. पोरांना मी डोळ्यांनीच गप्प केलं होतं."

"पण कशासाठी सर?"

"त्या दिवशी राहिलेलं बघायला नको का?" ते म्हणाले, आणि बाहेर हर्डीकर सरांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला तसे घाईनं निघून गेले.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी आता कायम आहे, आणि दोघेही सर निवृत्त झालेत. अजून रोज सकाळी मी वर्गात मुलं यायच्या आधी जाते, फळ्यावर आदल्या दिवशीची आकृती काढते, आणि मग खडू खाली ठेवून सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसते. तिथून वाचता येतं की नाही ते बघते. न आल्यास उठून पुसते आणि मोठं काढते.